रिंगमधलं कुंकू

“कुणी विचारलंच तर अडचण आहे म्हण,” मॅडम म्हणाल्या.

हळूच म्हणाल्या. माझ्या दंडाला धरून, जवळ घेऊन, घरच्या मुलीला सांगावं तसं. अंगावर मोरपंखी काठपदराची साडी, एका हातात चांदीचं ताट. ताटात हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. मायक्रोस्कोपच्या खोलीचं दार त्यांनी पाठीनं अडवून धरलं होतं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या सांगलीत खंडेनवमीला जे जे चालतं, फिरतं, कापतं ते सगळं पुजलं जातं. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथला माळ, प्रेसला माळ, कॉम्प्रेसरलाही माळ. मशीनला उसाचं कांडं बांधतात, दारात कोहळा फोडतात. आणि विश्रामबागेतल्या आमच्या संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची पूजा होते. माणसापेक्षा उंच, पांढरं यंत्र. आत हवा गेलेली चालत नाही, धूळ गेलेली चालत नाही, इतकं नाजूक. त्याला हे लोक हार घालतात.

ते यंत्र मी चालवत होते. रोज खोलीचं कुलूप मी काढायचे, पंप मी बघायचे, संध्याकाळी बंद मी करायचे. आधीच्या वर्षांत खंडेनवमीला मी येतच नसे. त्या वर्षी सरांनी मुद्दाम बोलावलं. संस्थेचे अध्यक्ष येणार होते आणि त्यांना माझं काम बघायचं होतं. मी लवकर येऊन फरशी पुसली, टेबल आवरलं, नमुना तयार ठेवला. नवा ड्रेस घातला होता. आईनं सकाळी इस्त्री करून दिलेला. आणि आता मॅडम मला सांगत होत्या की आत येऊ नकोस.

“मला अडचण नाहीये, मॅडम,” मी म्हणाले. मला खरंच वाटलं, त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय.

“माहितीये गं. पण अध्यक्षांच्या घरच्या बायका येतायत. त्यांच्याकडं फार कडक असतं सगळं. उगाच कुणाच्या मनात काही यायला नको. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय.”

समजायला थोडा वेळ लागला. माझी जात त्यांना माहीत होती. फेलोशिपच्या कागदावर आहे, आडनावात आहे. पण ती तोंडातून काढायची नव्हती. जातीचं नाव काढलं की कायदा येतो, पेपरवाले येतात, संस्थेची अब्रू मध्ये येते. म्हणून माझी पाळी. पाळीवरून बाईला बाहेर उभं केलं तर कुणी काही म्हणत नाही, ती बाईसुद्धा म्हणत नाही. बाहेर ठेवणार त्या. आणि कारण द्यायचं मी. तेही माझ्या अंगातलं.

मी मान हलवली. बरं म्हणाले.

आजही ती हललेली मान आठवली की अंगाची आग होते. मॅडमनी माझ्या गालावर हात फिरवला. शहाणी गं, म्हणाल्या. आणि आत गेल्या.

मी मान का हलवली ते सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी बॅक्टेरियावर काम करते. हगवणीचा एक बॅक्टेरिया आहे. तो आतड्याच्या पेशीला चिकटतो आणि आपल्या अंगातून बाहेर एक सुई बांधतो. खरीखुरी सुई, आतून पोकळ. ती पेशीला टेकवतो आणि तिच्यातून आपली विखारी प्रथिनं पेशीत सोडतो. पेशीला कळायच्या आत तिचं घर दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं असतं. सुईच्या खाली पाया असतो. कड्यांवर कडी रचलेला, बॅक्टेरियाच्या दोन्ही आवरणांतून आरपार गेलेला. शास्त्रात या सगळ्याला स्राव यंत्रणा म्हणतात. ती कशी रचली जाते, कुठलं कडं आधी बसतं, सुई किती वाढवायची आणि कुठं थांबायचं हे तिला कोण सांगतं, हे मला शोधायचंय. ते कळलं तर ती सुई बांधूच न देणारं औषध करता येईल.

नदीकाठच्या आमच्या वस्तीत पूर ओसरला की हगवण यायची. धाकट्या भावाला सिव्हिलमध्ये सलाइन लावलेलं मला आठवतं. रक्ताची आव. तो वाचला. शेजारची पोर वाचली नाही. मी हा विषय का घेतला हे प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं तेव्हा मी यातलं काहीही सांगितलं नाही. असलं सांगितलं की समोरचे डोळे पुसतात आणि मार्क कमी देतात.

या सुया बघायच्या तर हात लागतो. ग्रिड नावाची तांब्याची बारीक जाळी असते, टिकलीएवढी. तिच्यावर नमुन्याचा थेंब ठेवायचा. टिपकागदाची कड लावून तो शोषून घ्यायचा. मग युरेनियमच्या क्षाराचा थेंब, पुन्हा टिपकागद. जरा जास्त टिपलं की सगळं कोरडं पडतं, सुया मोडतात. जरा कमी टिपलं की नुसता काळा चिखल दिसतो. पुस्तकात वाचून हे येत नाही. करून, फसून, पुन्हा करून येतं. आमच्या विभागात तो हात मला आला.

सर म्हणजे मॅडमचे यजमान, विभागाचे प्रमुख आणि माझे गाइड; मॅडम विभागाचं ऑफिस बघतात. पाहुणे आले की माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, पोरीचा हात सोन्याचा आहे. डोक्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. आकृत्यांखाली काय लिहायचं ते सर ठरवायचे, परिषदेत बोलायला केदार जायचा. केदार माझ्यानंतर आलेला विद्यार्थी. वाईचा. त्याचे वडील आणि सर कॉलेजपासूनचे मित्र. केदार वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर मला बरंच सोपं गेलं असतं.

आमच्या यंत्रावर सुईचा आकार दिसतो, पण तिची बारीक घडण दिसत नाही. त्यासाठी नमुना एका झटक्यात गोठवून फार मोठ्या मायक्रोस्कोपमध्ये घालावा लागतो. तो बंगळुरूला आहे. देशभरातले लोक तिथं वेळ मागतात. माझ्या कामावर आम्हाला तिथं वेळ मिळाला होता. कोण जाणार ते सरांनी ठरवायचं होतं. सर रोज म्हणायचे, बघू. त्या एका ‘बघू’साठी मी मान हलवली. दारात भांडले असते तर बंगळुरू गेलं असतं. एवढाच हिशोब होता तेव्हा डोक्यात.

दाराला काचेची चौकट आहे. मी तिच्यातून आत बघत राहिले.

आमच्या घरी देव नाहीत. आजोबांच्या पिढीनं ते नदीत सोडले. आम्ही विहारात जातो. मला त्यांची आरती म्हणायची नव्हती, प्रसादही नको होता. पूजेला बोलवलं असतं तर कदाचित मीच काहीतरी कारण सांगून टाळलं असतं. पण आपण न जाणं वेगळं आणि आपल्याला बाहेर उभं करणं वेगळं. हा फरक ज्याला समजावून सांगावा लागतो त्याला कधीच कुणी बाहेर उभं केलेलं नसतं.

आत अध्यक्ष होते, त्यांच्या घरच्या बायका होत्या, केदार नव्या कुर्त्यात होता. सरांनी यंत्राला हार घातला. उदबत्त्या लावल्या. मला उदबत्तीच्या धुराचीच काळजी वाटत होती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, खंडेनवमी म्हणजे शस्त्राची पूजा, शस्त्र कुठंय? केदारनं हसत होल्डर उचलून दिला.

होल्डर म्हणजे हातभर लांब धातूचा दांडा. त्याच्या टोकाला ग्रिड बसते आणि तो दांडा यंत्रात सरकवायचा असतो. दांड्यावर काळी रबरी रिंग असते. बाहेरची हवा आत जाऊ न देणारी तेवढी एकच वस्तू. तिच्यावर केस जरी चिकटला तरी सगळं बिघडतं. मी तो होल्डर उघड्या हातानं कधी धरला नाही. प्रत्येक वेळी भिंगाखाली रिंग बघितल्याशिवाय आत घातला नाही.

मॅडमनी तो चांदीच्या ताटात ठेवला. बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं, आणि दांड्यावर बोटं ओढली. टोकापासून मुठीपर्यंत. मग बायकांनी एकेक करून हळद-कुंकू वाहिलं.

मी दार थोडं उघडलं. पाय बाहेरच ठेवले. म्हणाले, “मॅडम, होल्डरला कुंकू नका लावू. रिंगमध्ये गेलं तर हवा आत जाईल.”

मॅडम वळल्या. हसल्या. “अगं, रोज तुझाच हात असतो त्याला. आज देवाचा लागू दे.”

बायका हसल्या. अध्यक्षही हसले. काही वाईट हेतूनं नाही, सणाच्या दिवशी माणसं हसतात तशी. सर दारापाशी आले आणि त्यांनी दार आतून ओढून घेतलं. आवाज न करता. मी काचेपलीकडून केदारला खूण केली, धू, अल्कोहोलनं धू. त्यानं बघितलं. नक्की बघितलं. आणि खिशातला रुमाल काढून होल्डर पुसला. मग माझी ग्रिड बसवली आणि दांडा आत सरकवला.

पंपाचा आवाज बदलला. मला तो आवाज बाहेर उभ्या उभ्या कळला. लाल दिवा लागला, मग सगळेच दिवे लागले. आतल्या झडपा धडाधड बंद झाल्या आणि पडदा काळा झाला. अध्यक्ष त्या काळ्या पडद्याकडं सुया शोधत राहिले.

मग दार उघडलं. सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मी काही केलेलं नव्हतं, मी तर बाहेर होते. तरी सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं.

अध्यक्षांच्या घरातल्या एका वयस्कर बाईंनी मॅडमना विचारलं, ही कोण. मॅडम क्षणभर घुटमळल्या. मग म्हणाल्या, “आमची विद्यार्थिनी. तिला अडचण आहे, म्हणून बाहेर थांबवलं होतं. पण सकाळची सगळी तयारी तिनंच केली होती.”

“मग होणारच,” त्या बाई म्हणाल्या.

मी सरांकडं बघितलं. सर शास्त्रज्ञ आहेत. पेशीच्या आवरणावर त्यांचे शोधनिबंध आहेत, परदेशातली माणसं ते वाचतात. मला वाटलं, सर आता काहीतरी म्हणतील. नुसतं ‘छे’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सर म्हणाले, “यंत्राला हात लावायच्या आधी सांगायचं नाही का?”

जी पाळी मला आलीच नव्हती तिच्यावर सगळ्यांनी मिळून खापर फोडलं, आणि ती पाळी आली आहे असं म्हणायला मान हलवणारी मीच होते. मला सगळ्यांच्या देखत ओरडून सांगावंसं वाटलं. मी सांगितलं नाही. पर्स घेतली आणि जिना उतरून खाली आले. पार्किंगमध्ये गाडीची किल्ली काही केल्या बसेना. तोच सोन्याचा हात.

घरी अण्णा होते. माझे वडील. फौजेतून रिटायर झालेत, आता कुपवाडच्या एका कारखान्याच्या गेटवर असतात. मूळचे कोयनानगरकडचे. आजोबा तिथं धरणावर माती वाहायला होते. आम्हाला जमीनच नव्हती, त्यामुळं आमचं काही बुडालं असंही म्हणता येत नाही. काम संपलं आणि ते नदीच्या वाटेनं खाली सांगलीला आले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला, पण त्यांचा राग फौजेत मुरलेला आहे. म्हणाले, “वरचा म्हनला चूक तुजी, तर येस सर म्हनायचं आन फुडं व्हायचं. तू सॉरी म्हन. बंगळूरला जा. तुजं काम झालं की मग बघ त्येंच्याकडं.”

आई भाकरी थापत होती. ती बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. तिनं वर न बघता विचारलं, “पाळी आली व्हती का तुला?”

नाही म्हणाले.

“मग त्येंला व्हय का म्हनलीस?”

मी बंगळुरूचं सांगितलं, सरांचं सांगितलं. तिनं ऐकलं. तवा खाली घेतला. माझ्याकडं बघितलं तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि ते धुरानं नव्हते, आमच्याकडं गॅस आहे. “आमच्या शेडवर बी मुकादमीन इचारती. आली आसंल तर लांब बस म्हनती. मी सांगत न्हाई. माजं आंग हाय ते. आन तुला एवढं शिकवलं, तर तुजी पाळी त्येंच्या सोयीनं येती व्हय?”

मी जेवले नाही. अण्णा तिला गप्प करत होते, पोरीला आधीच लागलंय म्हणत होते. पण ती बरोबर होती. मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त तिचं बोलणं लागलं आणि तेवढंच बोलणं उपयोगाचं होतं.

दिवाळीच्या अलीकडं पुण्याहून कंपनीचा इंजिनियर आला. त्यानं होल्डर मागितला, रिंग चिमट्यानं सोडवली आणि पांढऱ्या कापडावर फिरवली. कापडावर लाल रेघ उमटली. त्यानं आमच्याकडं बघितलं. मी आणि केदार दोघंही तिथं होतो. हे काय, त्यानं विचारलं. मी म्हणाले, कुंकू. केदार खिडकीतून बाहेर बघत होता. इंजिनियर हसला, मला म्हणाला, सगळीकडं असंच असतं मॅडम, दसऱ्यानंतर आमची धावपळ असते. माझ्या आयुष्याचं जे वाटोळं होत होतं ते त्याच्या लेखी दरवर्षीचं काम होतं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला. सर चहा मागवतात तेव्हा काहीतरी हवं असतं. म्हणाले, अध्यक्षांना कारण द्यायला लागेल, उद्या विभागाच्या बैठकीत ते येतील. कुंकवाचं काढू नकोस, लोकांच्या श्रद्धेचा विषय आहे, मॅडमचं नाव येतं. “होल्डर साफ करायचा माझ्याकडून राहिला, एवढं म्हण. विषय संपला. आणि बंगळुरूच्या तयारीला लाग, तूच जातेयस.”

तूच जातेयस. केवढी वाट बघितली होती मी या शब्दांची. वर्गातली सगळी मुलं पुढं गेली, लग्नं झाली, पोरं झाली, मी टिपकागदाच्या कडा लावत बसले होते ते या शब्दांसाठी. आणि ते आले तेव्हा त्यांच्या पोटात हे होतं. आधी माझ्या अंगाबद्दल खोटं, आता माझ्या हाताबद्दल. हात हीच तर माझी या संस्थेतली एकमेव मान्य झालेली गोष्ट. तीही मीच खोटी ठरवायची.

मी चहा प्याले. बघते म्हणाले. हा शब्द त्यांच्याकडूनच शिकले होते.

बैठकीत सगळा विभाग होता. अध्यक्ष मधोमध, शेजारी सर, मग मॅडम. केदार समोरच्या रांगेत. सरांनी यंत्राबद्दल चार वाक्यं सांगितली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. बोल म्हणून.

मी उभी राहिले. आवाज चांगला आला. म्हणाले, “होल्डर मी साफ करून ठेवला होता. रिंगमध्ये कुंकू सापडलं. ते पूजेत लागलं. लावू नका असं मी दारातून सांगितलं होतं. आणि मला त्या दिवशी पाळी आलेली नव्हती. मॅडमनी मला तसं म्हणायला सांगितलं, कारण माझी जात त्यांना आत नको होती.”

मॅडम रडायला लागल्या. खरंच रडायला लागल्या. मी हिला मुलीसारखं वागवलं, म्हणाल्या. दोन बायका उठून त्यांच्याजवळ गेल्या, पाणी दिलं. माझ्याजवळ कुणी आलं नाही. त्या खोलीत दुखावलेलं माणूस कोण हे तेवढ्यात ठरून गेलं होतं.

मी केदारकडं बघितलं. म्हणाले, केदार, तू होतास. केदारनं मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते. “मला नीट आठवत नाही,” तो म्हणाला.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, असे विषय चारचौघांत काढू नयेत. बैठक संपली.

दुसऱ्या दिवशी सूचना फळ्यावर लागली, बंगळुरूला केदार जाणार. मला कुणी काही सांगितलं नाही, फळ्यावरूनच कळलं. हे होणार हे माहीत होतं, तरी मी स्वच्छतागृहात जाऊन तोंड दाबून रडले. हेही लिहिते, कारण नंतर लोक म्हणतात, फार धीट गं तू. धीट बिट काही नाही. माझं काम माझ्या हातातून गेलं होतं आणि मला ते फार लागलं होतं.

पण केदारला नमुना करता येत नव्हता. त्यानं प्रयत्न केला. यंत्र दुरुस्त झालं होतं, त्यानं ग्रिड केल्या, आत घातल्या. चिखल. पुन्हा केल्या. मोडलेल्या सुया, गवताच्या काड्यांसारख्या सगळीकडं पसरलेल्या. पाया वेगळा, सुई वेगळी. मी माझ्या टेबलावर बसून बघत होते. बंगळुरूची तारीख जवळ येत होती.

सर स्वतः माझ्या टेबलाशी आले. हे कधी झालं नव्हतं. बाजूचं स्टूल ओढून बसले. म्हणाले, झालं गेलं विसरून जा, विज्ञान मोठं आहे, आपण सगळे लहान. ताजा नमुना तू करून दे, गोठवायचं कसं ते केदारला दाखव, तो घेऊन जाईल. निबंधात तुझं नाव असेलच. शेवटी म्हणाले, “तुझ्यासारखा हात विभागात कुणाचा नाही.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले. या माणसानं माझ्यावरचं खोटं ऐकून घेतलं होतं, मग माझ्याकडून आणखी एक खोटं मागितलं होतं, मग माझी जागा काढून घेतली होती. आणि आता स्टुलावर बसून माझा हात मागत होता. बाकी मी नको. नुसता हात. मनगटापर्यंत.

“नाही देणार,” मी म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नसावं, किंवा आलेलं खरं वाटलं नसावं. काय, म्हणाले.

“नमुना मी करणार आणि मीच घेऊन जाणार. नाहीतर मी करणार नाही. केदारला शिकवणारही नाही.”

“नमुने संस्थेचे आहेत.”

“मग संस्थेनं करावेत, सर.”

ते उठले. स्टूल जागेवर ठेवलं. सभ्य माणूस. जाताना म्हणाले, तुझ्या पीएच.डी.वर मलाच सही करायची आहे हे लक्षात असू दे. लक्षात होतंच. ते लक्षात ठेवूनच मी नाही म्हणाले होते.

बंगळुरूची तारीख गेली. कुणीच गेलं नाही. आमचा वेळ दुसऱ्या कुठल्या तरी गटाला मिळाला. मी आधी करून ठेवलेला नमुना फ्रीजमध्ये हळूहळू मोडत गेला. मी तो अधूनमधून मायक्रोस्कोपखाली बघत होते. आधी सुया गळाल्या, मग कडी सुटली. महिनोन्महिने बॅक्टेरिया वाढवून, फोडून, गाळून मी ते जमवलं होतं. मी बघत राहिले आणि वाचवू शकले नाही. कुणी मला विचारलं की नकाराची किंमत काय, तर मी तो पडदा दाखवीन. त्यात काही उदात्त नाही. मोडलेल्या काड्या आहेत.

मी तक्रार केली आहे. संस्थेच्या समितीकडं, विद्यापीठाकडंही. समितीवरचे एक जण सरांचे मित्र आहेत, एक जण मॅडमच्या भिशीतल्या आहेत. चौकशी चालू आहे म्हणतात. विभागात माझ्याशी कुणी फार बोलत नाही. केदार एकदा जिन्यात थांबला, सॉरी म्हणाला, मला खरंच आठवत नव्हतं म्हणाला. मी म्हणाले, आठवलं की समितीला जाऊन सांग, मला नको. तो गेला नाही. मॅडम समोरून आल्या तर पदर सावरून बाजूनं जातात. अण्णा अजून म्हणतात, सॉरी म्हणायला काय जात होतं. त्यांना मी उत्तर देत नाही. आई काही विचारत नाही, डबा भरून देते.

मी नवी बॅच लावली आहे. बॅक्टेरिया वाढतायत. गाइड बदलून मागितला आहे, मिळेल न मिळेल. बंगळुरूला पुन्हा मागणी करणार आहे, माझ्या नावानं. ती सुई कशी बांधली जाते हे आमच्याकडं अजून कुणाला माहीत नाही. ते मी शोधून काढीन. एक वर्ष लागो, पाच लागोत. या इमारतीतून मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं. मी आपण होऊन जाणार नाही.

आणि यापुढं मला कुठल्याही दाराबाहेर उभं करायचं असेल, तर कारण तुम्ही सांगायचं. मोठ्यानं. सगळ्यांसमोर. माझ्या जातीचं नाव घेऊन. तुमच्या अब्रूसाठी मी पुन्हा एकही शब्द खोटा बोलणार नाही.